पहिला बँड समोर उभं राहून कधी ऐकलात? (आणि लेकीच्या कानांचं काय करू?)

सतारगल्ली

नमस्कार मंडळी. मी मिरजेची. आमच्या गल्लीत सतारी आणि तंबोरे बनतात, त्यामुळे भोपळा तासल्याचा आवाज आणि तारा जुळवणारी बोटं हे माझ्या लहानपणीचं रोजचं. उरसात दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली गाणं चालतं, तिथं आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली मला आठवते. समोर बसून गाणं ऐकायचं म्हणजे काय, हे घरात ठाऊकच होतं. रॉक मात्र दादानं आणला.

साल १९९५. दादा डिप्लोमाला होस्टेलवर, त्याचा रूममेट मडगावचा. त्या मुलाच्या कॅसेटी दादानं टीडीकेच्या नव्वदच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतल्या. नव्वदची म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. एका बाजूला इंग्लंडचा मेटल बँड आयर्न मेडन आणि दुसऱ्या बाजूला इंडस क्रीड, वर हिरव्या शाईत दादाचं अक्षर. इंडस क्रीडमध्ये टिनैकर, बेनेगल अशी आडनावं आहेत, आधी त्यांचंच नाव रॉक मशीन होतं आणि ही माणसं मुंबईची आहेत, हे त्यानं सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. असं वाजवणारी माणसं आपल्याकडं असतात?

मेडनचा तो १९९२ चा अल्बम होता, जवळजवळ ५८ मिनिटांचा. ४५ मध्ये बसेना म्हणून दादानं मधली दोन गाणी गाळली. तरीही शेवटचं गाणं पुरतं मावलं नाही. तीनेक मिनिटं झाली, गाणं नुकतं पेटलंय, आणि खट्. टेप संपली. मी ते गाणं कितीतरी वर्षं तेवढंच ऐकलं. पुढं सीडीवर अख्खं मिळालं, तरी त्या जागी कान दचकायचाच.

१७ मार्च २००७. बेंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम. मावसभावानं तिकिटं काढून ठेवली होती. मी आणि दादा राणी चेन्नम्मानं गेलो. निघताना आईनं वातीच्या कापसाचे चार बोळे कागदात गुंडाळून दिले, गाडीचा वारा कानात जाऊ नये म्हणून. आईला कार्यक्रम किती मोठ्यानं वाजतो ते माहीत नव्हतं, पण ते बोळे मैदानावर कामाला आले. मी दोन घातले. दादा म्हणाला, "एवढ्या लांब येऊन बोळे घालून मेडन ऐकू व्हय?" आणि त्यानं आपले दोन खिशात टाकले.

आधी दिल्लीचा परिक्रमा वाजला. रॉक बँडमध्ये व्हायोलिन, तेही असं की आमच्या गल्लीतल्या जाणत्यांनी मान हलवावी. मग मेडन. त्यांचा स्टीव्ह हॅरिस एक पाय स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरवर ठेवून बास गिटार बंदुकीसारखी लोकांवर रोखतो, हे फोटोत शंभरदा पाहिलेलं. तो खरंच तसा उभा राहिला आणि बासचा पहिला ठोका मला कानाआधी बरगड्यांत लागला. मी शेजारच्या अनोळखी मुलीचा हात धरला. तिनंही सोडला नाही.

आणि ते गाणं आलं. त्याची गिटारची सुरावट लोक शब्दांशिवाय गातात, एक अख्खं मैदान ओ ओ करत गात होतं. तीन मिनिटांपाशी माझं अंग आपोआप आवळलं, आता खट् होणार म्हणून. झालं नाही. गाणं पुढं गेलं, चढत गेलं, तिन्ही गिटारी एकमेकींत मिसळल्या. मी दादाकडं पाहिलं. तो माझ्याकडंच बघत होता. त्यालाही तेच आठवलं होतं.

आता प्रश्न. माझी लेक १४ वर्षांची आहे. तिला लिंकिन पार्क हा अमेरिकन बँड आताची गायिका एमिली आर्मस्ट्राँगच्या आवाजात आधी सापडला, मग ती मागं मागं जात त्यांच्या आधीच्या गायकापाशी, चेस्टर बेनिंग्टनपाशी पोचली. मी २००० सालापासून चेस्टरचा आवाज ऐकत आले. तो २०१७ ला गेला तेव्हा ही सहा वर्षांची होती. २०२६ च्या जानेवारीत लिंकिन पार्क मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर येतायत, लोलापलूझा महोत्सवात. तिला न्यायचं ठरवलंय. पण दादाच्या डाव्या कानात गेली सहा वर्षं सतत शिट्टी वाजते. रात्री पंखा लावल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. बेंगळुरात आम्ही डाव्या बाजूच्या स्पीकरच्या अगदी जवळ होतो, आणि त्यानंतरही तो दरवेळी पुढंच उभा राहिला. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही. काय घालायचं, कुठं उभं राहायचं? दादाला सोबत न्यावं का?

आणि तुमचा पहिला बँड कुठला, कुठं ऐकलात, तेही सांगा. लेक आणि दादा दोघांना वाचून दाखवणार आहे.

कन्सोलवाला

ताई, कोल्हापूरहून लिहितोय. वीस वर्षं साऊंडच्या धंद्यात आहे. डॉल्बीच्या भिंतींपासून सुरुवात केली, आता बँडचे कार्यक्रम करतो. कानाचा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण आमच्यातली निम्मी पोरं चाळिशीतच समोरच्याला "काय?" विचारायला लागलीत.

पहिलं, कापूस विसरा. कापसानं आवाज अडत नाही म्हटलं तरी चालेल. माउलीनं वाऱ्यासाठी दिला होता, वाऱ्यालाच तो ठीक.

आकडा लक्षात ठेवा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, हे अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं माप. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आणि रॉकच्या कार्यक्रमात पुढच्या भागात १०० सहज असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ ला कार्यक्रमांच्या जागांसाठी जी मर्यादा सुचवली तीही सरासरी १०० चीच आहे. म्हणजे नियम पाळून वाजवलं तरी उघड्या कानानं दोन तास उभं राहणं बरं नाही.

फोमचे प्लग मेडिकलमध्ये मिळतात, स्वस्त असतात. पण बरेच लोक ते चुकीचे घालतात. असं करा: प्लग स्वच्छ बोटांत वळून वळून अगदी वातीसारखा बारीक करा. उजव्या कानात घालायचा असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजवा कान वर आणि मागं ओढा. तेवढ्यानं भोक सरळ होतं. मग प्लग आत सरकवा आणि बोट वर ठेवून अर्धा मिनिट थांबा, तो आत फुगतो. नीट बसला की आपलाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा येतो. तो बाहेर लोंबत असेल तर घातलाच नाही असं समजा. घरी चार-पाचदा सराव करून घ्या, अंधारात गर्दीत जमत नाही.

फोमचा एक दोष, तो वरचे सूर जास्त खातो, गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं होतं. वादकांसाठीचे वेगळे प्लग येतात, ते सगळे सूर सारखेच खाली आणतात. लेकीला गाण्याची आवड टिकणार असेल तर ते घ्या. दादांनी मात्र आधी ऑडिओलॉजिस्टकडं, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडं, जाऊन यावं. त्यांच्या कानाचं त्या माणसानं बघून सांगितलेलं बरं, मी इथून सांगणं बरं नाही. कानाचा साचा घेऊन प्लग करून देतात, ते विचारा.

कुठं उभं राहायचं? मैदानाच्या मध्यावर तंबूसारखं असतं तिथं कन्सोल असतो. मिक्स करणारा माणूस तिथं बसून ऐकतो, म्हणून सगळ्यात चांगला आवाज तिथंच. त्याच्या जरा मागं आणि अगदी मधोमध न राहता थोडं बाजूला, कारण दोन्हीकडच्या बेसचा ढीग मध्यरेषेवर जमतो. बेसच्या पेट्यांसमोर कधीच नाही, पोरांना तर नाहीच.

लांब उभं राहिलं की आवाज उशिरा येतो ही तक्रार लोक करतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. शंभर मीटरवर काठी ड्रमवर पडलेली आधी दिसते, ठोका जवळपास एक तृतीयांश सेकंदानं येतो. म्हणून मोठ्या मैदानात मधे खांबांवर वेगळे स्पीकर असतात, आणि त्यांना मुद्दाम तेवढाच उशीर लावलेला असतो, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि खांबावरचा आवाज तुमच्यापाशी एकत्र पोचावेत. हे बरोबर जुळलं की वाटतं स्टेजवरूनच येतंय. हे जुळवताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला सुताराच्या सांध्याची आठवण झाली. फट दिसत नाही.

माझा पहिला? २०१६ च्या डिसेंबरात पुण्याच्या वीकेंडर महोत्सवाला मी केबल ओढायला होतो. स्टीव्हन विल्सन. त्याआधी त्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. एका जागी गाणं इतकं हळू झालं की मागच्या जनरेटरची घरघर ऐकू यायला लागली, आणि एवढ्या लोकांत कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. आमच्या भिंतींच्या धंद्यात मोठ्ठं करणं म्हणजे कर्तबगारी. त्या रात्री मी मोठं कधी करायचं नाही ते शिकलो. घरी येऊन त्याचं सगळं ऐकलं, मग त्याच्या आधीच्या बँडचं, पॉर्क्युपाइन ट्रीचं. ते २००९ ला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवाला मुंबईत येऊन गेले होते आणि मी तेव्हा कुठल्यातरी मिरवणुकीच्या ट्रकवर बसलेलो असणार, याचं वाईट वाटतं.

धोबीतलाव

सतारगल्लीताई, तुमच्या कॅसेटचं वाचून मी बराच वेळ तसाच बसलो. माझं वय आता ६८. गिरगावात वाढलो.

माझा पहिला बँड म्हणजे द पोलीस. मार्च १९८०, होमी भाभा सभागृह, नेव्ही नगर. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या संस्थेनं धर्मादाय कामासाठी केलेला कार्यक्रम होता तो. माझ्या मित्राचे वडील तिथल्या संशोधन संस्थेत कारकून, त्यांनी दोन तिकिटं मिळवून दिली. मी २३ वर्षांचा, नवीन नवीन बँकेत लागलेलो. बँडचं नाव ऐकलं होतं, गाणी ऐकली नव्हती. आम्हाला वाटलं, सभागृह आहे, तर सतारीच्या मैफलीसारखं बसून ऐकायचं असेल. पुढच्या रांगांत रेशमी साड्या, सूट, अत्तराचा वास.

आणि स्टेजवर फक्त तीन माणसं. मला वाटलं बाकीचे मागून येतील. कुणी आलं नाही. स्टिंग बास वाजवत गात होता, अँडी समर्सची गिटार, आणि मागं स्टुअर्ट कोपलंड, त्याची ती कोरडी, कडक झांज. तिघांमध्ये एवढी मोकळी जागा आणि ती जागाच वाजत होती. मी तोपर्यंत जे ऐकलं होतं त्यात जागा भरायची रीत होती, इथं ती सोडलेली होती. तासाभरात लोक खुर्च्या सोडून पुढं गेले. आम्हीही गेलो. बँकेच्या बुटांत नाचलो.

मग १९८६ पासून रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, आमच्या घरून चालत. इंडिपेंडन्स रॉक हे बँडांचं संमेलन तिथंच सुरू झालं, ऑगस्टात, उघड्यावर. ऑगस्ट म्हणजे पाऊस आला तर आला. माझ्या शेजारी कोण उभं असायचं म्हणता? वांद्र्याची पोरं, माहीमची, डोंबिवलीहून आलेली, आमच्या चाळीतला एक तबला शिकणारा. जेव्हा पगार संपलेला असे तेव्हा मी बाहेर फुटपाथवर उभा राहून ऐकत असे, भिंतीवरून आवाज पुरेसा यायचा. नंतर २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयं आणि शाळा-कॉलेजांभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र झालं. रंगभवनच्या शेजारी कॉलेजही आणि कामा रुग्णालयही. तिथलं वाजवणं थांबलं. इंडिपेंडन्स रॉक पुढं अंधेरीला चित्रकूट मैदानावर गेलं. रुग्णालयात झोपलेल्या माणसाची बाजू मला पटते, माझी बहीण कामा रुग्णालयातच बाळंत झाली होती. तरी त्या बंद फाटकावरून जाताना मी अजून पाय आवरून चालतो.

आता तुमच्या उपयोगाचं. २०२४ च्या जानेवारीत स्टिंग महालक्ष्मी रेसकोर्सवर आला होता, तुमची लेक जाणार त्याच लोलापलूझाला. मी गेलो. ४४ वर्षांनी तोच माणूस, तोच बास, आवाज थोडा खाली उतरलेला पण स्वर नेमका. माझ्या शेजारी एक मुलगा होता विशीतला. मी त्याला म्हटलं, याला मी १९८० ला पाहिलंय. त्यानं माझ्यासाठी मित्रांना बाजूला करून जागा केली आणि शेवटपर्यंत माझी पाण्याची बाटली धरली.

जागेबद्दल: स्टेजं एकाहून जास्त असतात आणि त्यांच्यात चालायचं अंतर बरंच आहे. पायात बंद, मळलेले चालतील असे बूट घाला. दुपारी ऊन आणि धूळ, संध्याकाळी समुद्राकडून गार वारा, म्हणून एक पातळ ओढणी ठेवा, दोन्हीला उपयोगी. महालक्ष्मी स्टेशन जवळ आहे, पण संपल्यावर लगेच निघू नका. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, म्हणजे सगळे एकदमच सुटतात. अर्धा तास तिथंच बसा, काय ऐकलं ते बोला, गर्दी ओसरते.

कोथरूडची_टेकडी

एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. एवढ्या गर्दीत १४ वर्षांच्या मुलीला न्यायचं, तेही मिरजेहून, आणि वर कानाची काळजी. त्याच पैशात उत्तम हेडफोन येतो, घरी बसून प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. मी स्वतः तसंच ऐकते आणि मला कधी काही कमी वाटलं नाही. गर्दीत बायकांना काय सोसावं लागतं हे आपण सगळ्या जाणतो.

सतारगल्ली

टेकडीताई, राग अजिबात नाही. गर्दीची भीती मलाही वाटते आणि म्हणूनच आम्ही पुढं जाणार नाही, कन्सोलवाल्या दादांनी सांगितलं तिथंच थांबणार. बेंगळुरात माझा भाऊ दोन्ही हात पसरून माझ्या मागं कमानीसारखा उभा होता, पूर्ण वेळ. ते हात नसते तर माझी आठवण कदाचित वेगळी असती, हे मी जाणते.

पण हेडफोनचं नाही पटलं. लेकीकडं चांगला हेडफोन आहे. ती दार लावून ऐकते आणि रडते, मला माहीत आहे, कारण मीही त्या वयात तेच करायचे. तिला वाटतं हे गाणं आपल्याला एकटीलाच असं होतं. मैदानावर तिला दिसेल की शेजारची पन्नास माणसं त्याच ओळीला डोळे मिटतायत. मला ती अनोळखी मुलगी भेटली होती, जिचा हात मी धरला. तिचं नाव विचारायचं राहिलं, पण ती मला विसरता येत नाही.

एल्बेकाठी

हॅम्बर्गहून. मूळचा नागपूरचा.

माझ्याकडं संगीत टपालानं आलं. अलाहाबादहून निघणारं रॉक स्ट्रीट जर्नल हे नियतकालिक, अमित सैगल आणि शेना यांनी १९९३ ला सुरू केलेलं. नागपुरात बसून मला शिलाँगमध्ये कोण वाजवतंय, दिल्लीत कोण, मुंबईत कोण हे त्यातून कळायचं. गाणी ऐकायला मिळायची नाहीत, पण वाचून वाचून मी ती डोक्यात बांधायचो. पुढं खरी ऐकली तेव्हा काही माझ्या डोक्यातल्यापेक्षा चांगली निघाली, काही नाही. सैगल २०१२ च्या जानेवारीत गोव्याच्या समुद्रात गेले. त्या दिवशी मी इथं ऑफिसात होतो आणि शेजारच्या जर्मन सहकाऱ्याला सांगू शकलो नाही की नक्की कोण गेलं.

इथून उत्तरेला वाकन नावाचं खेडं आहे, दोनेक हजार वस्तीचं. १९९० ला तिथल्या खडीच्या खाणीत काही पोरांनी मेटलचा कार्यक्रम केला, तो आता जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल महोत्सवांपैकी. खेड्यात कुणाच्या घरी काही कार्य असावं तसं सगळं गाव त्यात असतं. म्हाताऱ्या बायका अंगणात टेबल मांडून केक आणि कॉफी विकतात. गावच्या अग्निशमन दलाचा बँड तुताऱ्या-ढोल घेऊन वाजवतो आणि काळ्या कपड्यांतली हजारो पोरं त्यावर नाचतात. मला दरवेळी आमच्या विदर्भातल्या जत्रा आठवतात. २०१४ ला मुंबईचा डेमोनिक रेझरेक्शन बँड तिथं वाजला, तेव्हा मी तिरंगा घेऊन उभा होतो.

२०२३ ला इतका पाऊस झाला की शेतांचा चिखल झाला, गाड्या रुतल्या, आणि आयोजकांनी येणाऱ्यांना मधेच थांबवलं. मी तिकीट असूनही इत्झेहो स्टेशनवरून परत आलो. माझ्यासारखे हजारो होते. स्टेशनवर एकानं गिटार काढली, आम्ही तासभर फलाटावर गायलो. तीच माझी त्या वर्षीची वारी.

लेकीसाठी: इथं लोक दोन-तीन वर्षांच्या पोरांना खांद्यावर घेऊन येतात आणि प्रत्येक पोराच्या कानावर मोठं, रंगीत, हेडफोनसारखं दिसणारं कवच असतं. त्यातून गाणं वाजत नाही, ते फक्त आवाज अडवतं. कुणाला त्यात वेगळं वाटत नाही. दादांना सांगा, इथले पांढऱ्या दाढीचे, पस्तीस वर्षं येणारे गडीसुद्धा प्लग घालतात, कारण त्यांना पुढची वर्षंही ऐकायचंय.

बीडबायपास

मी १९ वर्षांचा. मला सगळं मोबाइलनं सुचवलेलं. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. त्यामुळे "हे कुणी दिलं" असं सांगायला माणूसच नाही, तुमच्या दादांचं वाचून ते जाणवलं. एकच अपवाद. अभंग रिपोस्ट या बँडचं गाणं मी आजीला ऐकवलं. तुकोबांचा अभंग, खाली बास आणि ड्रम. आजी म्हणाली, चाल नवी आहे पण पोरं शब्द नीट म्हणतात. मग तिनं मला तोच अभंग तिच्या चालीत म्हणून दाखवला. मी तो मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. प्रत्यक्ष मोठा बँड अजून पाहिला नाही. धोबीतलाव काका, तुम्ही पुन्हा जाणार असाल तर बाटली मी धरतो.

सतारगल्ली

सगळं वाचून दाखवलं. दोन संध्याकाळी लागल्या. कालचं सांगते.

दादा ऑडिओलॉजिस्टकडं जाऊन आला. डाव्या कानाचं वरच्या सुरांचं ऐकणं कमी झालंय, जे गेलं ते परत येणार नाही, शिट्टीची सवय करावी लागेल. पण प्लग घालून, लांब उभं राहून, मधे मधे बाहेर जाऊन कान शांत करत ऐकायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं. त्याच्या कानात गुलाबी लुकण भरून साचा घेतला. आठवड्यानं प्लग आले. दादाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यानं पाच एचपीची मोटर चालू केली, प्लग घातले, काढले, घातले, असं चारदा केलं. मग मला म्हणाला, "हे दुकानात पंचवीस वर्षांआधी पाहिजे होते." इतकी वर्षं मी सगळा दोष स्पीकरला देत होते. ते मला तेव्हा कळलं. आता तो दुकानातही घालतो, आणि कामावरच्या दोन्ही पोरांना त्यानं फोमचे आणून दिलेत.

लेक कुकरच्या शिट्टीवर सराव करते. डोक्यावरून हात नेऊन कान ओढायचं तिला आता न बघता जमतं.

मग तिनं ती कॅसेट मागितली. हिरव्या शाईची. दादाचा जुना डेक अजून चालतो, पट्टा तेवढा त्यानं बदलला. टेप जरा चिकटली होती, पेन्सिलीनं दोनदा पुढं-मागं फिरवली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात खाली बसून ऐकली, कारण डेकची वायर तिथंच पुरते. शेवटचं गाणं आलं. तीन मिनिटं. खट्.

लेक म्हणाली, "पुढं?"

दादानं प्लग काढून हातात धरले आणि ती गिटारची सुरावट तोंडानं सुरू केली. ओ ओ करत. मी त्याला धरली. लेकीला दोन फेऱ्या लागल्या, मग तिनंही धरली. आई देवघरातून उठून दारात येऊन उभी राहिली.

तीन तिकिटं काढलीत. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री मिरजेहून निघू, सकाळी मुंबईत. कन्सोलच्या मागं, उजव्या बाजूला असू. दादाच्या अंगात २००७ चा तोच काळा टी-शर्ट असेल, कॉलरपाशी उसवलेला. धोबीतलाव काका, बीडबायपास, येणार असाल तर तिथं शोधा. बाटल्या आणि जादा प्लग आम्ही आणतो.